अरबी समुद्रावरील हवामान व सागरस्थिती

हिंदी महासागराच्या वायव्येकडील सुमारे ३८ लाख चौ. किमी. क्षेत्रावरील वारे, लाटा, प्रवाह व वादळे यांचे वार्षिक चक्र. पूर्व, उत्तर व पश्चिम या तिन्ही बाजूंना जमीन असल्याने येथील वारे ऋतूनुसार जवळजवळ उलट दिशेने वाहू लागतात : हिवाळ्यात ईशान्येकडून, जून ते सप्टेंबरमध्ये नैर्ऋत्येकडून.

नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचा कणा म्हणजे सोमालियाच्या किनाऱ्यावरून, सुमारे दीड किमी. उंचीवर वाहणारा वेगवान झोत. ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञ फिंडलेटर यांनी १९६९ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केल्यामुळे तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. या वाऱ्यांमुळे सोमालिया व ओमानलगतचे वरचे पाणी खोल समुद्राकडे लोटले जाते आणि खालचे थंड, पोषकद्रव्यांनी भरलेले पाणी वर येते. पावसाळा लागला की अरबी समुद्र मे महिन्यापेक्षा थंड होतो, तो मुख्यतः यामुळे व वाऱ्याने पाणी घुसळले गेल्याने.

जुलै-ऑगस्टमध्ये समुद्र सर्वाधिक खवळलेला असतो, पण चक्रीवादळे तेव्हा क्वचितच होतात. खालचा वारा नैर्ऋत्येचा आणि १२-१५ किमी. उंचीवरचा पूर्वेचा, या ओढाताणीत वादळाचा उभा गाभा टिकत नाही. खरी धास्ती असते ती पावसाळ्याच्या दोन टोकांना. मे महिन्यात आग्नेय भागातील पाणी ३० अंश सेल्सिअसच्याही वर जाते, वरच्या-खालच्या वाऱ्यांतला फरक अजून वाढलेला नसतो आणि मग वादळाला आयते बळ मिळते. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा दुसरा हंगाम. जून २००७ मध्ये ‘गोनू’ चक्रीवादळाने ओमानला झोडपले. ‘फयान’ नोव्हेंबर २००९ मध्ये, तर ‘निसर्ग’ ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. मे २०२१ मधील ‘तौक्ते’ गुजरातेत जमिनीवर आले. पण मोठी जीवितहानी झाली ती मुंबईजवळच्या तेलक्षेत्रात ‘पी-३०५’ हा बार्ज बुडाल्याने. वादळे बंगालच्या उपसागरातच व्हायची, हा जुना समज आता सोडायला हवा. अलीकडच्या दशकांत अरबी समुद्रातील वादळांची संख्या आणि कालावधी वाढल्याचे पुण्यातील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या संशोधकांना आढळले आहे.

वारा पडलेला असूनही किनाऱ्यावर मोठ्या लाटा येतात, त्या दूरच्या. दक्षिण हिंदी महासागरातील वादळांनी उठवलेल्या लाटा हजारो किलोमीटर चालून केरळमध्ये घुसतात. तिथे त्यांना ‘कळ्ळक्कडल’ म्हणतात. हिवाळ्यात अरबस्तानातील ‘शमाल’ वाऱ्यांच्या लाटा वायव्येकडून रत्नागिरी-गोव्यापर्यंत पोचतात. उरलेले दिवस खाऱ्या व मतलई वाऱ्यांचे.

समुद्राच्या स्थितीचे अंदाज हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था देते, तर वादळाचे इशारे भारतीय हवामान विभाग देतो. ते आता मोबाइलवर येतात, तरी कोकणातील बंदरांवर ‘तीन नंबरचा बावटा लागला’ हीच इशाऱ्याची भाषा चालते. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. बंदी उठली तरी वारा लगेच पडत नाही; त्यामुळे अनेक कोळी नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिल्यावरच होड्या काढतात.