चहा, कॉफी, कोको : फॅटच्या एका कॉलमची गोष्ट

आजचा एपिसोड एका कॉलमबद्दल आहे. हो, एक्सेलमध्ये असतो तसाच कॉलम. संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि शेती बघणारी संघटना, म्हणजे एफएओ, प्रत्येक देशाचा ‘अन्न ताळेबंद’ काढते. १९६१ पासूनचा डेटा फुकट डाउनलोड करता येतो. त्यात चहा, कॉफी आणि कोको हे तिघं एकाच गटात टाकलेत, उत्तेजक पदार्थ म्हणून. आणि त्या गटासमोर एक आकडा असतो : या पदार्थांतून माणशी रोज किती ग्रॅम फॅट मिळालं.

पहिल्यांदा बघितलं तर वाटतं, चहात कसलं आलंय फॅट? बरोबर वाटतं. चहाचा आकडा शून्याला चिकटलेला असतो, कॉफीचाही जवळपास तसाच. म्हणजे या गटाचा आलेख तीन पदार्थांचा दिसत असला तरी तो जवळजवळ एकट्या कोकोचा आहे. कोकोच्या बीचं निम्मं वजन फॅटचं असतं.

आधी हिशोब कसा करतात ते बघू, कारण सगळी गंमत तिथेच आहे. देशात पिकलेलं, अधिक आयात, वजा निर्यात, साठ्यातला फरक, वजा बियाणं आणि नासधूस. उरलं ते लोकसंख्येने आणि ३६५ ने भागायचं. कोणी किती खाल्लं हे यात कुणी मोजत नाही, देशात किती उपलब्ध होतं तेवढंच कळतं. समजा एखाद्या देशात माणशी वर्षाला ३ किलो कोको बी येते. निम्मं फॅट धरलं तर दीड किलो, म्हणजे रोजचे साधारण ४ ग्रॅम. चॉकलेट बाहेरून आलं तर त्याचं परत कोको बीमध्ये रूपांतर करून मोजतात.

आता आपला चहा घ्या. फुल क्रीम दुधात ६ टक्के फॅट असतं. कपात ५० मिली दूध पडलं तर ३ ग्रॅम, दिवसाला तीन कप म्हणजे ९ ग्रॅम. वरच्या चॉकलेटवाल्या देशाच्या दुप्पट! पण ताळेबंदात चहापुढे शून्यच, कारण ते फॅट म्हशीच्या नावावर जमा आहे. हा बग नाही, स्पेकच तसं लिहिलंय.

कॉफीची गोष्ट याच्या उलटी आहे. भाजलेल्या बीत तेल बऱ्यापैकी असतं, पण ते बहुतेक चोथ्यातच राहतं. कपात उतरतं ते अगदी किंचित. १९८३ मध्ये नॉर्वेतल्या ट्रोम्सो शहरातल्या संशोधकांनी दाखवलं की जास्त कॉफी पिणाऱ्यांचं कोलेस्टेरॉलही जास्त आहे. तिकडे तेव्हा कॉफी पातेल्यात उकळून, गाळ खाली बसला की तशीच ओतून पीत. पुढे कळलं की दोष कॅफेस्टॉल नावाच्या द्रव्याचा, आणि ते त्या किंचित तेलातच असतं. कागदाचा फिल्टर ते अडवतो. हा फिल्टर जर्मनीतल्या मेलिटा बेंट्झ यांनी १९०८ मध्येच काढला होता, फक्त चव सुधारावी म्हणून. फिनलंड हळूहळू उकळलेल्या कॉफीवरून फिल्टर कॉफीवर आला आणि तिथलं कोलेस्टेरॉल उतरण्यामागचं ते एक कारण मानलं जातं. एफएओच्या आलेखात यातलं काहीच दिसत नाही.

आता कोको. १८२८ पर्यंत युरोपात कोको म्हणजे तेलकट तवंग असलेलं पेय. आम्स्टरडॅमच्या व्हान हाउटन कुटुंबाने एक दाबयंत्र काढलं, ज्याने बीतलं निम्म्याहून अधिक फॅट पिळून निघायचं. खाली उरायची ती कोको पावडर. पण या पिळलेल्या लोण्याचं करायचं काय? १८४७ मध्ये ब्रिस्टलच्या फ्राय कंपनीने ते पावडर आणि साखरेत परत मिसळलं आणि खायची चॉकलेटची वडी तयार झाली. कोको बटर शरीराच्या तापमानाच्या जरासं खाली वितळतं. बाहेर घट्ट, तोंडात पाणी. माझ्या मते चॉकलेटच्या धंद्यात खरी किंमत चवीपेक्षा या फॅटचीच आहे.

मग हे फॅट पिकवत कोण होतं? आजचं घाना, तेव्हाचं गोल्ड कोस्ट. १८७९ मध्ये टेटे क्वार्शी यांनी फर्नांडो पो बेटावरून बिया आणल्या असं तिथे सांगतात. १९११ च्या सुमारास हा देश जगात पहिला उत्पादक झाला, आणि तोही गोऱ्यांच्या मळ्यांवर नव्हे, स्थानिक शेतकऱ्यांच्या बागांवर. १९३७ मध्ये युनायटेड आफ्रिका कंपनी, कॅडबरी वगैरे खरेदीदारांनी आपापसात ठरवून टाकलं की भावासाठी एकमेकांशी स्पर्धा करायची नाही. शेतकऱ्यांनी सरळ माल रोखला. ऑक्टोबर १९३७ ते एप्रिल १९३८. युरोपीय मालावर बहिष्कार घातला, काही ठिकाणी कोको जाळलासुद्धा. शेवटी ब्रिटिश सरकारला नॉवेल आयोग नेमावा लागला आणि आयोगाने खरेदीदारांच्या या कराराविरुद्ध मत दिलं. आलेखात मात्र फॅट मोजलं जातं ते जिथे बी शेवटी पोचते तिथे. घाना आणि आयव्हरी कोस्ट मिळून आज जगातला निम्म्याहून जास्त कोको पिकवतात, पण माणशी फॅटच्या यादीत वर दिसतात ते युरोपातले श्रीमंत देश.

त्या युरोपात पुढची मारामारी झाली ती ‘चॉकलेट म्हणायचं कशाला’ यावर. १९७३ मध्ये ब्रिटन, आयर्लंड आणि डेन्मार्क युरोपीय समुदायात आले. त्यांच्याकडे कोको बटरच्या जोडीला थोडं दुसरं वनस्पती फॅट चालायचं. फ्रान्स, बेल्जियम म्हणत, मग ते चॉकलेटच नाही. हे भांडण २००० सालापर्यंत रेंगाळलं. शेवटी कायदा झाला : ५ टक्क्यांपर्यंत दुसरं फॅट चालेल, पण ठरवून दिलेल्या सहांपैकीच. इलिपे, पाम, साल, शिया, आंब्याची कोय आणि, मंडळी, कोकम! गार्सिनिया इंडिका, आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्ग-गोव्यातलं. सोलं काढून उरलेल्या बियांचं जे कोकम तेल आजी भेगाळलेल्या टाचांना लावते, ते कायद्याने युरोपच्या चॉकलेटात जाऊ शकतं. इटली आणि स्पेनने तरी असल्या मालावर ‘चॉकलेटचा पर्याय’ असं लिहायला लावलं, तेव्हा २००३ मध्ये युरोपीय न्यायालयाने त्यांना चूक ठरवलं.

२०२४ मध्ये पश्चिम आफ्रिकेतलं पीक बसलं आणि कोकोचा भाव न्यूयॉर्कच्या वायदे बाजारात टनाला १० हजार डॉलरच्या वर गेला. तेव्हा कंपन्यांनी परत दुसऱ्या फॅटकडे बघायला सुरुवात केली. त्यामुळे येत्या काही वर्षांत एखाद्या देशाचा कोकोचा आकडा खाली गेलेला दिसला, तर लगेच ‘लोक चॉकलेट कमी खायला लागले’ असं धरू नका. शेजारचा वनस्पती तेलांचा कॉलम उघडून बघा.