अकरा ओळींचा आधार

१९७२ साली डेव्हिड पार्नास यांनी सांगितलं: जो निर्णय पुढे बदलू शकतो, तो एकेका मॉड्यूलच्या पोटात झाकून ठेवा. सल्ला उत्तम. पण मॉड्यूल बाहेरून आणलं, की त्याच्या कर्त्याची मर्जीही सोबत येते. २२ मार्च २०१६ ला हे जगाला जाणवलं. एका प्रोग्रामरनं नावाच्या वादातून ‘लेफ्ट-पॅड’ ही आपली लायब्ररी एनपीएमच्या भांडारातून काढून घेतली. अवघ्या अकरा ओळी. काम काय, तर मजकुराच्या डावीकडे मोकळी जागा भरणं! बॅबेल वापरणारे कितीतरी प्रकल्प अडले. त्यांनी ती थेट मागवलीच नव्हती. त्यांनी मागवलेल्या लायब्ररींना ती लागत होती. तेव्हा मंडळी, लायब्ररी निवडताना ‘ही काय करते’ एवढंच विचारू नका. ‘ही कशावर उभी आहे, आणि एवढं आपल्यालाच लिहिता येणार नाही का’ हेही विचारा.