कुरण कुणासाठी राखायचं

शिवाजी पेठेतून रंकाळ्याच्या कडेने राधानगरीचा रस्ता धरला की तो पुढे दाजीपूरच्या रानात जातो. कोल्हापूरच्या छत्रपतींचं हे राखीव शिकारीचं जंगल. १९५८ साली ते आजच्या महाराष्ट्रातलं पहिलं अभयारण्य झालं आणि १९८५ साली हद्द वाढून राधानगरी अभयारण्य म्हणून सुमारे ३५१ चौरस किलोमीटरांवर पसरलं. हरीण आपल्या रानात यावं, टिकावं यासाठी काय करायचं, याचं उत्तर अमेरिकेतला शिकारी आजही पेरणीत शोधतो. जंगलाच्या कडेला जमिनीचा तुकडा निवडून तो त्यात क्लोव्हर किंवा ओट पेरतो. कोल्हापूरच्या मुलखात या कामाची रीत वेगळी होती. इथे चारा पेरण्यापेक्षा गवत राखलं जाई, आणि कोणती जमीन राखायची, तिचा भार कुणी सोसायचा, यावर सगळं ठरे. माझ्या मते आज सह्याद्रीत नव्याने कुरणं तयार करताना हाच जुना प्रश्न आधी सोडवायला हवा. कोणतं बी आणायचं हा प्रश्न त्यानंतरचा.

मुद्दाम लागवड करून हरणं ठेवण्याची कल्पना आपल्याकडे नव्हतीच असं मात्र नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजाच्या मृगवनाचा आराखडाच दिला आहे: एकच दार, भोवती खंदक, गोड फळांची झुडपं, बिनकाट्यांची झाडं, उथळ पाण्याची तळी, आणि नखं-दात काढलेली हिंस्र जनावरं. हे मृगवन ज्या प्रकरणात येतं, त्याची सुरुवात नांगराखाली न येणाऱ्या जमिनीपासून होते. अशी जमीन आधी गुरांना चरायला द्यावी, असं तिथे सांगितलं आहे. म्हणजे हरणासाठी जागा निवडताना शेतकऱ्याचं रान सोडायचं, हे भान या ग्रंथाच्या मांडणीतच आहे. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने लिहिलेल्या मानसोल्लासातही मृगयेचं सविस्तर प्रकरण आहे आणि चित्त्याकरवी होणारी शिकार त्यात येते.

चित्त्याची ही शिकार कोल्हापुरात विसाव्या शतकापर्यंत टिकली. देशी चित्ते मिळेनासे झाल्यावर संस्थानाने आफ्रिकेतून चित्ते आणवले. डोळ्यांवर टोपी चढवलेला चित्ता गाडीत बसवून काळविटांच्या कळपाजवळ न्यायचा, अंतर पुरेसं कमी झालं की टोपी काढून त्याला सोडायचं. त्याने हरीण पाडलं की चित्तेवान लाकडी पळीतून रक्त किंवा मांस पुढे करून त्याची पकड सोडवी. सगळी शिकार त्या गाडीवर अवलंबून होती. काळवीट माणसाला बुजतं, पण रोज शेजारून जाणाऱ्या बैलगाडीला बुजत नाही. याचा अर्थ ते हरीण वस्तीपासून दूरच्या निर्मनुष्य रानातलं नव्हतं. पडीक माळ, गायरान, शेतांचे बांध आणि राखलेली कुरणं यांच्यावर ते जगत होतं. मराठी राज्यांत कुरण राखलं जाई ते मुख्यतः पागेच्या घोड्यांसाठी. पावसाळाभर तिथे गुरं सोडायला बंदी असे आणि गवत कापून गंजी लागल्यावर रान मोकळं होई. घोड्यासाठी राखलेल्या त्या गवतावर हरीण आपोआप येई. पागा आणि शिकारखाना यांचं हित एकाच माळावर जुळत होतं, म्हणून वेगळी पेरणी करण्याची गरज पडली नाही, असा माझा निष्कर्ष आहे.

यावर एक रास्त आक्षेप येतो. हे सगळं राजाच्या हौसेसाठी होतं आणि बोजा रयतेवर पडत होता; त्याचे गोडवे कशाला गायचे? बोजा पडत होता हे खरंच आहे. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगलखात्यावर जो संताप व्यक्त केला, त्याचं एक कारण डोंगर आणि चराऊ रानं बंद होऊन शेतकऱ्याच्या गुरांची झालेली उपासमार हेच होतं. शिकारीच्या रानालगत राहणाऱ्याला हरीण मारायची मुभा नव्हती आणि पीक मात्र त्याचं जाई. पारध करून जगणाऱ्या फासेपारध्यांवर तर गुन्हेगारीचा शिक्का बसला होता. राजर्षी शाहूंनी त्या शिक्क्यापोटी त्यांना द्यावी लागणारी हजेरी बंद केली, त्यांना काम आणि आसरा दिला, हे म्हणूनच मोठं काम. पण या अन्यायामुळे गवताविषयीचं ज्ञान खोटं ठरत नाही. राखणदारीचा खर्च चुकीच्या माणसावर पडला हा दोष व्यवस्थेचा होता, आणि तो दुरुस्त करता येतो.

ते ज्ञान किती बारीक होतं, हे कुसळीवरून कळतं. श्रावणात कोवळी असताना हे गवत जनावर आवडीने खातं. निसवून कुसळं धरली की तीच पिळदार टोकं कपड्यात, कातडीत, जनावराच्या तोंडात रुततात आणि सारा माळ चरायला निरुपयोगी होतो. म्हणून कापणीची वेळ महत्त्वाची. पवन्या, मारवेल, डोंगरी ही गवतं जिथे टिकतात तिथे रान जास्त दिवस उपयोगी पडतं. अति चराई झाली की हीच आधी जातात आणि कुसळी माजते. कोल्हापुरात पेठांतून अजून म्हशी आहेत, गंगावेशीच्या कट्ट्यावर ग्राहकासमोर धार काढतात. कोणती वैरण जनावर चाटून-पुसून खातं आणि कोणती तुडवून टाकतं, हे ती म्हैस पाळणाऱ्याला सांगावं लागत नाही. हरणाच्या कुरणाचं नियोजन करणाऱ्यांनी हे ज्ञान सल्ला म्हणून तरी विचारात घ्यायला हवं.

दुसरा आक्षेप असा, की आता शास्त्र पुढे गेलं आहे. वनखातं रानमोडी आणि घाणेरी ही तणं उपटून गवताचं बी टाकतं, पाणवठे करतं. मग जुनी राखण कशाला? हे काम गरजेचं आहे यात वाद नाही. मात्र त्याचं यश जागेवर ठरतं. चांदोलीत उठून गेलेल्या गावांच्या खाचरांवर गवत माजलं आणि त्यावर गवे, सांबर येऊ लागले. मध्य प्रदेशात कान्हा आणि कुनो इथेही गावांच्या जुन्या शेतांची कुरणं झाली. यात बियाण्यापेक्षा गावाने मोकळ्या केलेल्या जमिनीचा वाटा मोठा आहे, आणि ती किंमत विस्थापितांनी मोजली आहे. उलट सोलापूरजवळ नान्नजच्या माळरानात ग्लिरिसिडियाची झाडं लावली गेली, तेव्हा माळढोक आणि काळवीट यांना हवा तो उघडा माळ आक्रसला. माळ म्हणजे ओसाड जमीन, तिथे झाड लावलंच पाहिजे, ही समजूत हरणाच्या मुळावर येते.

सांगली जिल्ह्यातलं सागरेश्वर अभयारण्य यश आणि त्याची किंमत या दोन्ही बाजू एकत्र दाखवतं. धों. म. मोहित्यांच्या ध्यासातून उघड्याबोडक्या डोंगरावर जंगल उभं राहिलं, हरणं सोडली गेली, ती वाढली. साधारण ११ चौरस किलोमीटरांच्या कुंपणात ती मावेनात, तेव्हा भोवतीचा ऊस आणि इतर पिकं त्यांची कुरणं झाली. राधानगरीच्या पायथ्याच्या शिवारांत गव्यांचंही तेच चाललं आहे. डिसेंबर २०२१ मध्ये गवे थेट कोल्हापूरच्या वेशीपर्यंत आले होते. धरणाच्या पाण्याने माळाचा ऊस केला, आणि रात्री ओलीत असलेलं ते हिरवं रान जनावराला कोणत्याही पेरलेल्या तुकड्यापेक्षा जास्त ओढतं. त्यामुळे अभयारण्याच्या आत एकरभर गवत लावताना बाहेरच्या शेतकऱ्याची नुकसानभरपाई वेळेवर मिळणं आणि गावाच्या गुरांना स्वतंत्र गायरान असणं, हे त्याच आराखड्याचे भाग मानावे लागतील. कुरणाच्या खर्चात या दोन्हींची तरतूद बियाण्याच्या आधी धरायला हवी.