सुळ्यावरची खाच

छत्रपती संभाजीनगर असो की पैठणकडचं एखादं खेडं, सात-आठ वर्षांच्या एखाद्या मुलाच्या नव्याकोऱ्या पुढच्या दातांवर आडवी खाच दिसते. नख फिरवलं की अडकतं. ‘घासत नाही नीट,’ असं म्हणत आई त्यालाच रागावते. पण ही खाच बहुधा मूल रांगत-चालत होतं तेव्हाची, दात अजून हिरडीआड घडत होता तेव्हाची असते.

तिचं वैद्यकीय नाव एनॅमल हायपोप्लेशिया. एनॅमल म्हणजे दाताचं कठीण बाह्य आवरण; ‘हायपोप्लेशिया’ मूळ ग्रीक, अर्थ ‘अपुरी घडण’. तिची कुळकथा इंग्लंडमधल्या कुत्र्याच्या पिलांपाशी पोचते. संशोधक एडवर्ड मेलॅनबी पिलांवर मुडदुसाचे प्रयोग करत होते. त्यांच्या पत्नी मे यांनी त्याच पिलांचे दात पाहायला घेतले आणि 1918 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापले. कॉड माशाच्या यकृताचं तेल मिळालेल्या पिलांचे दात भक्कम होते. न मिळालेल्यांचं एनॅमल पातळ आणि खडबडीत. त्या तेलातल्या घटकाला ‘ड’ जीवनसत्त्व हे नाव मिळालं, ते 1922 मध्ये.

एनॅमलच्या वजनाचा सुमारे 96 टक्के भाग खनिजांचा, मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फेटचा. ‘ड’ कमी पडलं की आतड्यातून कॅल्शियम नीट शोषलं जात नाही आणि त्या दिवसांतला थर कच्चा राहतो. ‘अ’ कमी पडलं, तर एनॅमल बनवणाऱ्या पेशीच खंगतात. दात उगवेपर्यंत या पेशी संपलेल्या असतात. मुडदूस झालेलं हाड उपचारांनी पुष्कळ सावरतं, दाताला ती संधी नाही.

मे मेलॅनबींना आणखी एक गोष्ट दिसली: ओटचं पीठ जास्त दिलं की पिलांचे दात अधिक बिघडत. धान्यातलं फायटिक आम्ल कॅल्शियमला अडकवून ठेवतं. ते आपल्या ज्वारी-बाजरीतही असतं. पीठ आंबवलं की कमी होतं. आंबिलीचं मोल इथे कळतं.

दातांच्या अशा अपुऱ्या घडणीचे महाराष्ट्रातले पुरावे फार जुने आहेत. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात उत्खनन केलं. संभाजीनगरहून जवळच्या, प्रवरेकाठच्या नेवाशाप्रमाणे इथेही ताम्रपाषाणयुगात लहान मुलांना मातीच्या रांजणांत घालून पुरलेलं आढळलं. तोंडाला तोंड लावलेले दोन रांजण, घराच्या जमिनीखाली. त्या मुलांच्या दुधाच्या सुळ्यांवरचे खळगे जॉन लुकाच आणि सुभाष वाळिंबे यांनी तपासले. त्यांचा हा अभ्यास 1998 मध्ये प्रसिद्ध झाला. असा खळगा जन्माच्या आगेमागे पडतो. ‘अ’ जीवनसत्त्व कमी पडून सुळ्यावरचं हाड पातळ राहतं आणि घडणाऱ्या दाताला इजा होते, असं त्याचं एक स्पष्टीकरण आहे. तीन हजार वर्षांपूर्वीच्या तान्ह्याची आबाळ अशी हाती लागते.

म्हणून मुलाच्या दातावर खाच दिसली तर त्याला रागावू नका, दंतवैद्याकडे न्या. खाचेत कीड लवकर लागते, आणि खाच वेळीच भरून घेता येते.