ठाणे खाडीतील हिवाळी पक्षिनिरीक्षण

ठाणे खाडीतील हिवाळी पक्षिनिरीक्षण म्हणजे मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई या शहरांच्या मधोमध असलेल्या ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्यात व त्याच्या परिसरातील पाणथळ जागांवर साधारणपणे ऑक्टोबर ते मे या काळात केले जाणारे पक्ष्यांचे निरीक्षण होय. मध्य आशिया, सायबेरिया, हिमालयापलीकडील पठारे आणि गुजरातमधील कच्छचे रण येथून येणारे पक्षी या काळात खाडीच्या चिखलपट्ट्यांवर उपजीविका करतात. रोहित अर्थात फ्लेमिंगो हे येथील मुख्य आकर्षण असले, तरी किनारी पक्ष्यांची विविधता हे या खाडीचे तितकेच महत्त्वाचे वैशिष्ट्य आहे. हे पक्षी ओहोटीच्या वेळी जेथे चरतात ती जागा मोठ्या प्रमाणात संरक्षित आहे. परंतु भरतीच्या वेळी ते जेथे विसावतात त्या जागांपैकी अनेक अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहेत.

खाडी आणि अभयारण्य

ठाणे खाडी सुमारे २६ किलोमीटर लांबीची असून ती ठाणे शहराजवळ अरुंद असते व दक्षिणेकडे रुंद होत मुंबई बंदराला मिळते. ठाण्याजवळ ती एका चिंचोळ्या प्रवाहाने उल्हास नदीशी जोडलेली आहे. तिच्या दोन्ही तीरांवर कांदळवने आहेत आणि त्यांत तिवराचे प्राबल्य आहे. कांदळवनांच्या पुढे, ओहोटीला उघडे पडणारे विस्तीर्ण चिखलपट्टे हेच पक्ष्यांचे खरे अन्नक्षेत्र होय.

महाराष्ट्र शासनाने ऑगस्ट २०१५ मध्ये खाडीच्या पश्चिम तीराकडील, ऐरोली पूल आणि वाशी पूल यांच्या दरम्यानचे सुमारे १,६९० हेक्टर क्षेत्र अभयारण्य म्हणून घोषित केले. त्यांपैकी सुमारे ८९६ हेक्टर कांदळवन आणि उर्वरित ७९४ हेक्टर जलक्षेत्र आहे. मालवणनंतरचे हे राज्यातील दुसरे सागरी अभयारण्य मानले जाते. २०२१ साली अभयारण्याभोवती सुमारे ४८ चौरस किलोमीटरचे पर्यावरण संवेदनक्षम क्षेत्र अधिसूचित झाले. २०२२ साली अभयारण्य व हे क्षेत्र मिळून ६,५२१ हेक्टरांचा रामसर यादीत समावेश करण्यात आला. रामसर नोंदीनुसार येथे पक्ष्यांच्या २०२ प्रजाती आढळतात. जवळजवळ अखंड वस्ती, दोन तीरांना जोडणारे वर्दळीचे पूल, औद्योगिक पट्टा आणि सांडपाण्याचे नाले यांनी वेढलेल्या जलक्षेत्राला हा दर्जा मिळणे ही देशातील तुलनेने दुर्मीळ गोष्ट आहे.

भरती-ओहोटी आणि पक्ष्यांचा दिनक्रम

जंगलातील पक्षिनिरीक्षक सूर्योदयाची वेळ पाहून निघतो. खाडीवर त्याचा उपयोग मर्यादित असतो. येथील पक्ष्यांचा दिवस सूर्यापेक्षा चंद्रावर अधिक अवलंबून आहे. मुंबईच्या किनाऱ्यावर सुमारे पंचवीस तासांत दोनदा भरती व दोनदा ओहोटी येते. ओहोटी लागली की चिखल उघडा पडू लागतो आणि पक्षी मागे सरणाऱ्या पाण्याच्या कडेने खाडीच्या मध्याकडे जातात. पूर्ण ओहोटीला ते किनाऱ्यापासून इतके दूर असतात की दुर्बिणीतूनही केवळ ठिपके दिसावेत. भरतीचे पाणी चढू लागले की तेच पक्षी हळूहळू किनाऱ्याकडे ढकलले जातात, आणि चिखल पूर्ण बुडाला की एकगठ्ठा उडून विश्रांतीच्या जागी जातात. म्हणून किनाऱ्यावरून निरीक्षण करण्यासाठी पूर्ण भरतीच्या आधीचे आणि नंतरचे दोन-तीन तास सर्वांत सोयीचे असतात. नेमकी पूर्ण भरतीची वेळ मात्र चिखलपट्ट्यावर निरर्थक आणि विश्रांतीच्या तळ्यांवर सर्वोत्तम ठरते.

छापील वेळापत्रक हाताशी नसल्यास कोकण किनाऱ्यावर चालत आलेला ठोकताळा कामी येतो. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीचा तास मिळतो. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास, आणि अमावस्या वा पौर्णिमेला सव्वाअकरा-बाराच्या दरम्यान भरती पूर्ण होते. हा हिशेब स्थूल असून त्यात तासाभराचा फरक पडू शकतो. शिवाय अपोलो बंदरासाठी दिलेल्या वेळेपेक्षा खाडीच्या आतल्या टोकाला पाणी काहीसे उशिरा चढते. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपासच्या उधाणात पाणी तिवरांच्या खोडांपर्यंत जाते व चिखलाचा एकही तुकडा उरत नाही. अष्टमीच्या आसपास, म्हणजे भांगाच्या दिवसांत, पाण्याची चढउतार कमी असल्याने काही पट्टे भरतीलाही उघडे राहतात आणि पक्ष्यांना दूर जावे लागत नाही.

पावसाळ्यात मोठ्या भरत्या दिवसा येतात, तर हिवाळ्यात त्या बहुधा रात्री येतात. परिणामी हिवाळ्यात पक्ष्यांना विश्रांतीच्या जागांची सर्वाधिक गरज भासते ती अशा वेळी, जेव्हा निरीक्षक घरी गेलेले असतात. एखादे तळे दिवसा रिकामे दिसले म्हणून ते पक्ष्यांच्या वापरात नाही, असा निष्कर्ष काढणे त्यामुळे धोक्याचे ठरते.

रोहित

खाडीत रोहिताच्या दोन्ही भारतीय प्रजाती येतात. छोट्या रोहिताची (फिनिकोनायस मायनर) संख्या येथे फार मोठी असून मोठा रोहित (फिनिकॉप्टेरस रोझियस) त्या मानाने कमी असतो. मोठा रोहित उंचीला सव्वा ते दीड मीटर भरतो, मान लांब व रंग फिकट असतो आणि चोच गुलाबी असून तिचे टोक काळे असते. छोटा रोहित जेमतेम ८० ते ९० सेंटीमीटर उंचीचा, अधिक गडद गुलाबी, आणि गडद किरमिजी चोचीचा असतो. दुरून रंगापेक्षा चोचीवर विश्वास ठेवणे बरे, कारण करड्या रंगाची अल्पवयीन पिले दोन्ही प्रजातींत असतात आणि प्रकाश बदलला की गुलाबीची छटाही बदलते.

दोघांच्या आहारातही फरक आहे. मोठा रोहित चिखलातील कवचधारी जीव, कीटकांच्या अळ्या व कृमी गाळून खातो. छोट्या रोहिताच्या चोचीतील गाळणी फार बारीक असल्याने तो पाण्यातील व चिखलाच्या पृष्ठभागावरील सूक्ष्म शैवालांवर जगतो. त्याच्या पिसांचा रंगही या आहारातील कॅरोटिनॉइड द्रव्यांतूनच येतो.

मुंबईच्या किनाऱ्यावर रोहितांचे मोठे थवे नियमितपणे दिसू लागले ते विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत, प्रथम मुख्यतः शिवडीच्या चिखलपट्ट्यावर. महानगराच्या सांडपाण्यातून खाडीत येणाऱ्या नायट्रोजन व फॉस्फरसयुक्त द्रव्यांमुळे शैवालांची वाढ झाली आणि त्यामुळे छोटे रोहित आकृष्ट झाले, असे स्पष्टीकरण अभ्यासक देतात. प्रदूषणामुळे पक्षी आले, हे ऐकायला विचित्र वाटते. पण त्यातून प्रदूषण हितकारक आहे असे सिद्ध होत नाही. त्याच पाण्यात जड धातू व औद्योगिक रसायनेही असतात, आणि शैवालाला पोसणारी द्रव्ये एका मर्यादेपलीकडे गेली की पाण्यातील प्राणवायू संपवतात. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने (स्थापना १८८३) २०१८ पासून खाडीतील रोहितांचा दीर्घकालीन अभ्यास हाती घेतला. त्यातील २०१९ च्या गणनेत रोहितांची संख्या एक लाखाच्या वर गेली होती. २०२२ साली काही रोहितांना उपग्रहाद्वारे माग काढणारी यंत्रे बसवण्यात आली, आणि त्यांच्या हालचालींतून खाडी व गुजरातचा किनारा यांतील ये-जा थेट नोंदवता आली.

रोहित खाडीत घरटी करत नाहीत. भारतातील त्यांचे मुख्य प्रजननक्षेत्र कच्छच्या रणात आहे आणि पावसाळ्यात तेथे पाणी साचले की ते तिकडे परततात. संख्या हिवाळ्याच्या मध्यापासून वाढत जाऊन उन्हाळ्याच्या सुरुवातीला शिखर गाठते. त्यामुळे केवळ रोहितांसाठी येणाऱ्याने डिसेंबरपेक्षा फेब्रुवारी-मार्च निवडावा.

इतर हिवाळी पक्षी

खरा हिवाळी पाहुणा म्हणावा असा वर्ग किनारी पक्ष्यांचा. काळ्या शेपटीचा पाणटिवळा, कुरल, लाल पायांचा व हिरव्या पायांचा तुतवार, छोटा टिलवा, निरनिराळे चिखले, उचाट्या आणि शेकाट्या हे सर्व एकाच चिखलपट्ट्यावर चरताना दिसतात, आणि एकमेकांच्या वाट्याला फारसे जात नाहीत. कारण त्यांच्या चोचींच्या लांबीत आहे. टिलव्याची चोच केवळ वरच्या थरातील जीव टिपते, पाणटिवळ्याची सरळ लांब चोच खोल जाते आणि कुरलाची बाकदार चोच खेकड्याच्या बिळात शिरते. चिखले डोळ्यांनी भक्ष्य शोधतात, म्हणून ते चार पावले धावून थबकतात. तुतवार व टिलवे सतत चोच खुपसत चालतात. नवशिक्याला रंगापेक्षा ही चालण्याची ढब ओळखीसाठी अधिक उपयोगी पडते.

याचे कारण असे की हिवाळ्यात यांतील बहुतेक पक्षी करडे-तपकिरी आणि एकसारखे दिसतात. एप्रिलमध्ये परतीपूर्वी काहींना विणीचा पिसारा येऊ लागतो व जो पक्षी चार महिने ओळखू आला नाही तो एकाएकी विटकरी लाल होऊन समोर उभा राहतो. बाकदार चोचीच्या कर्ल्यू सँडपायपरच्या बाबतीत हे विशेष घडते. जुन्या मार्गदर्शिका वापरणाऱ्यांनी आणखी एक बदल ध्यानात घ्यावा. पूर्वी लेसर सँड प्लोव्हर या एका नावाखाली येणाऱ्या चिखल्याचे २०२३ साली सायबेरियन व तिबेटी अशा दोन प्रजातींत विभाजन झाले.

कुरव आणि सुरय हे पक्षी खुल्या पाण्यावर व जेट्टीजवळ दिसतात. कुरवांत तपकिरी डोक्याचा कुरव सर्वांत परिचित आहे. गोड्या पाण्याच्या तळ्यांवर थापट्या व तलवार बदक येतात. कांदळवनावर घिरट्या घालणारा दलदली भोवत्या किंवा खांबावर मासा खात बसलेला कैकर दिसला, आणि चिखलावरचे सारे थवे एकाच वेळी उठले, तर शिकारी पक्षी आल्याचे समजावे. चित्रबलाक, बगळे, पाणकावळे व खंड्या हे मात्र हिवाळ्यापुरते येणारे पक्षी नव्हेत.

निरीक्षणाची ठिकाणे

ऐरोली येथे राज्य वन विभागाच्या कांदळवन कक्षाने २०१७ साली सागरी जैवविविधता केंद्र सुरू केले. तेथून होणारी बोटफेरी अभयारण्य जवळून पाहण्याचा अधिकृत मार्ग आहे. फेऱ्यांच्या वेळा भरतीनुसार ठरतात व रोज बदलतात. पश्चिम तीरावर भांडुप उदंचन केंद्राचा परिसर पक्षिनिरीक्षकांच्या जुन्या पसंतीचा असून तेथे खाडी, कांदळवन आणि उथळ तळी लागोपाठ भेटतात. प्रवेशासाठी परवानगी लागते. शिवडीचा चिखलपट्टा वाशी पुलाच्या दक्षिणेला, म्हणजे अभयारण्याबाहेर आहे. हार्बर मार्गावरील शिवडी स्थानकापासून तो जवळ असल्याने अनेक मुंबईकरांनी पहिला रोहित येथेच पाहिला. १२ जानेवारी २०२४ रोजी उद्घाटन झालेला अटल सेतू याच चिखलपट्ट्यावरून जातो. पुलाच्या या भागात आवाज रोखणारे कठडे बसवण्यात आले आहेत.

पूर्व तीरावर नेरुळ व सीवूड्स येथील तळी भरतीच्या वेळी पाहण्याजोगी आहेत. तेथे रोहित रस्त्यापासून काही मीटरवर असतात, आणि म्हणूनच शिस्तीची गरज अधिक असते. छायाचित्रासाठी थवा उडवणे हे त्याची विश्रांती हिरावणे आहे. ड्रोनच्या बाबतीत तर हे विशेष खरे आहे. चिखलात उतरणे पक्ष्यांपेक्षाही माणसासाठी धोक्याचे आहे. तो वरून घट्ट दिसतो, पण कमरेपर्यंत रुततो. निवट्या व खेकडे पकडणारे कोळी तेथे सहज वावरतात ते पिढ्यान्‌पिढ्यांच्या सवयीने.

जानेवारीत होणाऱ्या आशियाई पाणपक्षी गणनेत हौशी निरीक्षक भाग घेऊ शकतात. मोठ्या थव्याची मोजणी करताना आधी पन्नास किंवा शंभर पक्षी प्रत्यक्ष मोजून तेवढ्या गटाची जागा नजरेत बसवतात आणि ते माप पुढे सरकवत नेतात.

हद्दीबाहेरची पाणथळे

पाणजे, बेलपाडा, भेंडखळ, नेरुळमधील एनआरआय व टीएस चाणक्य परिसरातील तळी आणि भांडुप यांना अभ्यासक अभयारण्याची उपग्रह पाणथळे म्हणतात. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने त्यांच्यासाठी स्वतंत्र व्यवस्थापन आराखडा सुचवला आहे. यामागील युक्तिवाद सोपा आहे. पूर्ण भरतीला चिखलपट्टा नाहीसा होतो. त्या काही तासांत जवळ उथळ पाणी मिळाले नाही, तर पक्ष्याला हवेत राहावे लागते किंवा दूर जावे लागते. लांबच्या स्थलांतरासाठी साठवायची चरबी त्यात खर्च होते. चरण्याची जागा कितीही सुरक्षित असली, तरी विसाव्याची जागा गेल्यास तिचा उपयोग उरत नाही.

या जागांची किंमत मात्र शहराच्या नकाशात वेगळी ठरते. नेरुळच्या पाणथळींवरील गोल्फ मैदान व निवासी बांधकामाच्या योजनेचा वाद मुंबई उच्च न्यायालयात आणि तेथून सर्वोच्च न्यायालयात गेला. कांदळवनांबाबत उच्च न्यायालयाने २०१८ साली कठोर निर्णय दिला असल्याने तिवर तोडणे अवघड झाले आहे. परंतु उघड्या, झाडे नसलेल्या उथळ तळ्याला तेवढे कवच नाही. ते बुजवण्याचीही गरज नसते, भरतीचे पाणी आत आणणारा मार्ग अडला तरी पुरते. सीवूड्समधील सुमारे ३० एकरांच्या डीपीएस तलावात २०२४ च्या उन्हाळ्यात रोहितांचे मृत्यू झाले. पाण्याचे प्रवेशमार्ग बंद झाल्याने तलाव कोरडा पडत असल्याचे पर्यावरण कार्यकर्त्यांचे म्हणणे होते. २०२५ साली या तलावाला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा देण्याचा निर्णय घेण्यात आला.

२० मे २०२४ च्या रात्री घाटकोपर परिसरावर मुंबईला उतरणाऱ्या एका प्रवासी विमानाची रोहितांच्या थव्याशी टक्कर होऊन तीसहून अधिक पक्षी मरण पावले. रोहित रात्रीही जागा बदलतात, हे या घटनेने सर्वसामान्यांच्या लक्षात आणून दिले. थवा त्या उंचीवर व त्या दिशेला का होता, यावर मतभेद आहेत. विश्रांतीच्या जागी झालेल्या त्रासामुळे पक्षी विचलित झाले असावेत, ही शक्यता त्या वेळी अनेकांनी मांडली. पनवेल परिसरात नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळ आल्यानंतर हा प्रश्न दोन्ही तीरांचा झाला आहे. पाणथळे राहिली तर पक्षी विमानमार्गात येतील, असे काहींना वाटते. उलट पाणथळे नाहीशी झाल्यास विसावा न मिळालेले थवे अधिक काळ व अधिक अनियमितपणे हवेत राहतील, असे पक्षितज्ज्ञांचे प्रतिपादन आहे.

खाडीच्या आतल्या भागात एक संथ बदलही चालू आहे. गाळ साचून चिखलपट्ट्यांची पातळी वाढते आणि तेथे तिवरांची रोपे रुजतात. कांदळवन वाढले ही वनखात्याच्या दृष्टीने जमेची बाजू असली, तरी मोकळ्या चिखलावर चरणाऱ्या पक्ष्यांसाठी तेवढे कुरण कमी होते. त्यामुळे उपग्रह छायाचित्रात हिरवा रंग वाढलेला दिसला, तरी त्याच जागेची जुनी पक्षिगणना शेजारी ठेवूनच त्याचा अर्थ लावावा लागतो.