तुम्हाला कोणतं संगीत आवडतं? एका परीक्षेतल्या प्रश्नाचा आपला इतिहास

परदेशी शिकायला जाऊ पाहणाऱ्या आपल्या मुलामुलींची आयईएलटीएसची तोंडी तयारी आम्ही काही कार्यकर्ते नांदेडमध्ये दर रविवारी करून घेतो. लातूरहूनही चार-पाच जण सकाळच्या एसटीने येतात. गेल्या महिन्यात कंधार तालुक्यातल्या एका अभियंता मुलाला आम्ही या परीक्षेत नेहमी विचारला जाणारा साधा प्रश्न केला: तुम्हाला कोणतं संगीत ऐकायला आवडतं? त्याने क्षणाचाही विलंब न लावता इंग्रजीत उत्तर दिलं. मला शांत, मधुर संगीत आवडतं, मी इंग्रजी पॉप ऐकतो, त्याने मनावरचा ताण हलका होतो. व्याकरण चोख होतं. आम्ही पुढचा प्रश्न टाकला, शेवटचं गाणं कोणतं ऐकलंत? पोरगं गप्प झालं.

अर्ध्या तासापूर्वी टपरीवर चहा घेताना त्यानेच सांगितलं होतं की येताना बसमध्ये तो वामनदादांची गाणी ऐकत आला. आम्ही म्हणालो, अरे, मग तेच का नाही सांगितलंस? तो म्हणाला, "ते तिथं कसं सांगावं सर?"

त्या मुलाला दोष देण्यात अर्थ नाही. हे उत्तर त्याला क्लासमध्ये छापील मिळालं होतं आणि त्याच्या आधी शंभर जणांनी ते पाठ केलं होतं. आमचा प्रश्न वेगळा आहे. आपली गाणी "तिथं" सांगण्यासारखी नाहीत, हे या मुलाला कोणी शिकवलं? आणि ज्या समाजाने गाण्यावर चळवळ उभी केली, त्याच्या पोराची "कोणतं संगीत आवडतं" या प्रश्नावर बोबडी का वळावी?

आधी परीक्षा समजून घेऊ, कारण अर्धी भीती अज्ञानाची असते. आयईएलटीएस १९८९ पासून घेतली जाते. तिची तोंडी परीक्षा ११ ते १४ मिनिटांची असते आणि तिचे तीन भाग असतात. पहिल्या भागात घर, शिक्षण, आवडीनिवडी असे ओळखीचे विषय येतात. दुसऱ्या भागात हातात एक कार्ड देतात, तयारीला एक मिनिट मिळतं आणि मग एक ते दोन मिनिटं बोलायचं असतं. तिसऱ्या भागात त्याच विषयावर जरा खोल चर्चा होते. गुण चार गोष्टींना आणि चौघींना सारखेच: बोलण्यातला ओघ व सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण आणि उच्चार. या चारांत "आवड किती उच्च आहे" हा रकाना कुठेच नाही. पियानो ऐकणाऱ्याला जास्त आणि भीमगीत ऐकणाऱ्याला कमी, असं परीक्षकाला करताच येत नाही. उलट पाठ केलेलं उत्तर ओळखायला त्याला शिकवलेलं असतं. म्हणजे आपलं पोर जे लपवतं त्याने गुण जाणार नव्हते, जे पाठ करतं त्याने मात्र जातात.

मग भीती कुठून आली? तिचा उगम त्या परीक्षेच्या खोलीत सापडणार नाही, आपल्या गावगाड्यात सापडेल.

"तुम्हाला काय ऐकायला आवडतं?" या वाक्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. ऐकणाऱ्याला निवड आहे. आमच्या आजा-पणजाला ही निवड कधी होती? गावात लग्न असो, जत्रा असो, दवंडी असो की मयत, वाजवायला आपलीच माणसं. गावोगावच्या रिवाजाप्रमाणे हलगी, डफडं, सनई हे मातंग आणि महारांच्या वाट्याला. मेलेल्या जनावराचं कातडं ओढलेलं वाद्य विटाळाचं, म्हणून ते हातात घेणारा माणूसही विटाळाचा. पण त्याच्याशिवाय पाटलाच्या पोराचं लग्न लागत नसे! मंडपाबाहेर उभं राहून वाजवायचं आणि पंगत उठल्यावर उरलेलं घ्यायचं. ताल आमचा होता, पण कधी वाजवायचं, कोणासाठी वाजवायचं, कधी थांबायचं, हे ठरवणारे दुसरेच होते. अशा माणसाला कोण विचारणार, बाबा, तुला काय ऐकायला आवडतं?

बाबासाहेबांनी या व्यवस्थेच्या मुळावर घाव घातला तो वतनाच्या प्रश्नातून. मुंबई इलाख्यातला वतनाचा कायदा १८७४ चा. त्यात दुरुस्ती करणारं विधेयक त्यांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात मांडलं, कारण वतन हे मानाच्या नावाखालचं वेठबिगार होतं. आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात. तिथे सभा घ्यायची तरी परवानगीचा जाच. तरीही ३० डिसेंबर १९३८ ला कन्नडजवळच्या मक्रणपूरला आणि २२ व २३ फेब्रुवारी १९४१ ला कसबे तडवळे इथे बाबासाहेबांच्या उपस्थितीत परिषदा झाल्या. तडवळ्याच्या परिषदेचं नावच महार-मांग वतनदार परिषद होतं. लातूरच्या तरुणांनी हे गाव जरूर पाहून यावं, ते शेजारच्याच जिल्ह्यात आहे. गावकीची कामं सोडणं म्हणजे गावाच्या हुकमावर वाजवणंही सोडणं होतं. त्यापायी अनेकांनी उपासमार आणि बहिष्कार सोसला.

एका हाताने लादलेलं वाद्य खाली ठेवलं आणि दुसऱ्या हाताने आपण आपलं गाणं उचललं. सत्यशोधक जलशांची वाट पुढे नेत १९३० च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्या साथीदारांनी आंबेडकरी जलसा उभा केला. तमाशाचा बाज घेतला, पण गण-गौळणीच्या जागी माणुसकीचा प्रश्न आणला. वर्तमानपत्र वाचता न येणाऱ्या माणसापर्यंत चळवळ पोहोचली ती जलशातून. आपल्या दहा सभांचं काम एक जलसा करतो, असं खुद्द बाबासाहेब मानत, ही आठवण चळवळीत आजही सांगितली जाते.

त्याच परंपरेतले वामनदादा कर्डक. जन्म १५ ऑगस्ट १९२२, सिन्नर तालुक्यातलं देशवंडी. मुंबईत कष्ट करत असताना कोणीतरी त्यांच्याकडे पत्र वाचून घ्यायला आलं आणि त्यांना ते वाचता आलं नाही. ती लाज त्यांच्या इतकी जिव्हारी लागली की मोठेपणी त्यांनी अक्षरं गिरवली. १९४३ मध्ये पहिलं गाणं लिहिलं, तेही एका हिंदी चित्रपटगीताच्या चालीवर. पुढे १५ मे २००४ ला डोळे मिटेपर्यंत हा माणूस लिहीत आणि गात राहिला. इंग्रजी प्रश्नापुढे गप्प झालेल्या त्या कंधारच्या मुलाने आणि पत्रापुढे गप्प झालेल्या वामनदादांनी एकमेकांना भेटायला हवं होतं, असं आम्हाला त्या रविवारी वाटून गेलं.

आपल्या माय-आज्यांनी तर जलशाचीही वाट पाहिली नाही. जात्यावर बसल्या आणि ओवीत बाबासाहेब आणले. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरातल्या बायांच्या अशा ओव्या १९९६ मध्ये ध्वनिमुद्रित झाल्या आहेत. ज्यांना सही करता येत नव्हती त्यांनी संविधानाचा शिल्पकार दळणाच्या घरघरीत गायला. हे संगीत नाही, तर मग संगीत कशाला म्हणायचं?

आता नांदेडकडे येऊ. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यातले दलित वाडे पेटवले गेले. ४ ऑगस्ट १९७८ ला नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावात पोचिराम कांबळे यांना जिवंत जाळण्यात आलं. ते मातंग समाजाचे होते, आणि शेवटपर्यंत त्यांच्या तोंडी जयभीम होता, असं मराठवाडा सांगतो. ज्या समाजाच्या हातात गावाने हलगी दिली होती, त्या समाजाच्या माणसाने गावाला नको असलेला शब्द उच्चारला. त्या काळात मोर्चात, वस्तीत, शहिदांच्या घरासमोर गाणी झाली. २५ नोव्हेंबर १९९३ ला नांदेडात गौतम वाघमारे यांनी नामांतरासाठी स्वतःला जाळून घेतलं. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला आणि त्याच वर्षी १७ सप्टेंबरला त्या विद्यापीठातून नांदेड, लातूर भागासाठी नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ वेगळं झालं. आज आपल्यापैकी बहुतेकांच्या पदवीवर याच विद्यापीठाचा शिक्का असतो. परदेशी विद्यापीठाला जी पदवी आपण दाखवतो तिच्या मागे ही जवळपास सोळा वर्षं उभी आहेत.

कोणी म्हणेल, हा झाला जुना इतिहास, आता कोण कोणाला काय ऐकतोस म्हणून विचारतं? विचारतात! मे २०१५ मध्ये शिर्डीत नर्सिंग शिकणाऱ्या आपल्या एका तरुणाचा खून झाला. वाद सुरू झाला तो त्याच्या मोबाईलमधल्या बाबासाहेबांवरच्या रिंगटोनवरून. जून २०२३ मध्ये नांदेडला लागून असलेल्या बोंढार हवेलीत आपला एक तरुण मारला गेला. गावात भीमजयंती साजरी केल्याचा राग त्यामागे होता, असा त्याच्या घरच्यांचा आरोप आहे. त्यामुळे आपलं पोर आपलं गाणं अनोळखी माणसापुढे सांगायला बिचकतं, तेव्हा तो निव्वळ न्यूनगंड नसतो. गाणं ऐकू आलं की जात कळते आणि जात कळली की समोरच्याचा चेहरा बदलतो, हे त्याने शाळेत, वसतिगृहात, भाड्याची खोली शोधताना पाहिलेलं असतं. इयरफोन ही त्याच्यासाठी नुसती सोय नाही, ती ढाल आहे. ही भीती समजून न घेता "बिनधास्त सांग" म्हणणं सोपं आहे.

म्हणूनच आमची भूमिका नीट मांडतो. परीक्षेत भीमगीत सांगितलंच पाहिजे, असा फतवा आम्ही काढत नाही. कोणाला खरोखर इंग्रजी पॉप आवडत असेल, अरिजित सिंग आवडत असेल, कव्वाली आवडत असेल, तर त्याने खुशाल तेच सांगावं. आवडीचं सोवळं-ओवळं आपण पाळायचं नसतं. बाबासाहेबांचे वडील रामजी कबीरपंथी, घरात भजनं आणि दोहे. त्याच रामजींनी हॉवर्डची इंग्रजी पुस्तकं आणि तर्खडकरांच्या पाठमाला मुलाकडून घोटून घेतल्या. तो मुलगा १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेला. उतारवयात त्याच बाबासाहेबांनी हौसेने व्हायोलिन शिकायला घेतलं. कबीर आणि व्हायोलिन एका माणसात सुखाने नांदले, कारण दोन्ही त्याने स्वतः निवडले होते. आमचा विरोध आहे तो दुसऱ्याची आवड पाठ करून स्वतःची म्हणून सांगण्याला. वेशीबाहेर उभं राहून दुसऱ्याच्या फर्माइशीवर वाजवण्यात आणि परीक्षेत दुसऱ्याची फर्माइश आपली म्हणून सांगण्यात आम्हाला फार अंतर दिसत नाही.

एक आक्षेप नेहमी येतो. परदेशी परीक्षकाला यातलं काय कळणार? मित्रांनो, जगाला आपल्यापेक्षा हे लवकर कळतं. अमेरिकेतल्या काळ्या गुलामांच्या वंशजांनी शेतात, चर्चमध्ये गायलेली गाणी आज विद्यापीठांत शिकवली जातात. जमैकाच्या गरीब वस्त्यांतून आलेल्या रेगे संगीताला युनेस्कोने २०१८ मध्ये मानवजातीच्या वारशात स्थान दिलं. १९७२ मध्ये आपल्याच तरुणांनी ब्लॅक पँथरवरून दलित पँथर हे नाव घेतलं, तेव्हा दोन टोकांच्या माणसांना एकमेकांचं दुःख कळलं होतंच की. आपला विद्यार्थी बॉब मार्लेचं नाव ऐटीत घेतो आणि वामनदादांचं नाव गिळतो, याचं कारण परीक्षकाचं अज्ञान कसं असेल?

आणि आता रोकडा फायदा. खऱ्या आवडीवर बोलताना शब्द आपोआप येतात. गाणं कोणी लिहिलं, कोण गातं, कोरस कसा उचलतो, ढोलकी कुठे थांबते, चौदा एप्रिलच्या रात्री वस्तीत किती लोक जमतात, आजी कोणती ओवी म्हणायची, हे सांगायला पाठांतर लागत नाही. बॅलड, फोक, प्रोटेस्ट साँग, लिरिक्स हे शब्द तिथे जागेवर बसतात. दोन मिनिटं कमी पडतात. पुढचा प्रश्न आला, संगीताने समाज बदलतो का, तर ज्याच्या घरातच याचं उत्तर आहे तो गप्प बसेल का? अनेक परदेशी विद्यापीठं साधारण साडेसहा-सात बँड मागतात आणि राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीची वाटही अशा प्रवेशातूनच जाते. तिथे अर्ध्या बँडनेही वर्ष वाया जातं.

ज्याला आपली ओळख त्या खोलीत उघड करायची नसेल, त्याने ती करू नये. तो त्याचा हक्क आहे. फक्त ते भीतीपोटी आहे, सोयीपोटी आहे की लाजेपोटी, हे स्वतःशी तपासावं. पहिल्या दोन्हींत गैर काही नाही. लाज मात्र आपली नव्हे, ती आपल्यावर लादलेली आहे, आणि लादलेल्या गोष्टी खाली ठेवायला आपण कधीच शिकलो आहोत.

परवाच्या रविवारी तो मुलगा पुन्हा आला. तोच प्रश्न विचारला. या वेळी इंग्रजी अडखळत आली, दोन ठिकाणी काळ चुकला. पण तो देशवंडीच्या एका माणसाबद्दल बोलत होता, ज्याला पत्र वाचता आलं नाही आणि ज्याने पुढे गाणी लिहिली. वेळ संपल्याची घंटा आम्ही वाजवली, तरी त्याचं बोलणं चालूच होतं. व्याकरण पुढच्या रविवारी बघू.

जयभीम!