दृष्टिपटलाची प्रतिमा आणि पीतबिंदूचा ऱ्हास : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :

वाचताना ओळीच्या मधोमध धूसर डाग दिसणे, खिडकीचे सरळ गज वाकडे भासणे, समोर उभ्या असलेल्या व्यक्तीचे कपडे दिसूनही चेहरा मात्र न ओळखता येणे ही वार्धक्यजन्य पीतबिंदू-ऱ्हासाची परिचित लक्षणे होत. दृष्टिपटल म्हणजे ज्याला आपण बोलीभाषेत डोळ्याचा पडदा म्हणतो तो. त्याच्या मध्यभागी असणारा पीतबिंदू अर्थात मॅक्युला सूक्ष्म दृष्टीचे कार्य करतो. पन्नाशीनंतर त्याचा ऱ्हास होऊ लागतो तेव्हा वेदना होत नाहीत आणि एक डोळा चांगला असेल तर रुग्णाला पुष्कळ काळ काही जाणवतही नाही. त्यामुळे या विकाराचा इतिहास हा बऱ्याच अंशी त्याच्या प्रतिमांचा इतिहास आहे.

एका प्रतिमेवरून विकार आहे की नाही हे कळते. तो वाढतो आहे की स्थिर आहे हे कळण्यासाठी मात्र एकाच पद्धतीने घेतलेल्या किमान दोन प्रतिमा लागतात. दृष्टिपटलाच्या प्रतिमांकनाची प्रगती केवळ 'अधिक स्पष्ट दिसणे' अशी नसून 'तुलना करता येणे' अशी आहे, हे दाखविण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

१. रेखाटनाचे युग :

जिवंत माणसाचे दृष्टिपटल पाहणे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शक्य नव्हते. हेर्मान फोन हेल्महोल्ट्झ यांनी कोनिग्सबर्ग येथे ऑफ्थाल्मोस्कोप (नेत्रांतर्दर्शक) तयार करून १८५१ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली आणि बाहुलीतला अंधार प्रथमच उजळला. पाहिलेले टिकवून ठेवण्याचे साधन मात्र कुंचला हेच होते. व्हिएन्नाचे एडुआर्ड येगर यांनी १८६९ मध्ये प्रसिद्ध केलेला चित्रसंग्रह या परंपरेतील श्रेष्ठ ग्रंथ मानला जातो. लंडनमध्ये जोनाथन हचिन्सन व वॉरन टे यांनी १८७४ च्या सुमारास वृद्धांच्या दोन्ही डोळ्यांत मध्यभागी आढळणाऱ्या या विकाराचे वर्णन केले, तर ऑटो हाब यांनी १८८५ मध्ये त्याला वार्धक्याशी निगडित ऱ्हास म्हणून ओळख दिली. दृष्टिपटलाखाली साचणाऱ्या पिवळसर कणांना 'ड्रुझेन' हे नाव जर्मन संशोधकांमुळे रूढ झाले.

रेखाटनाची मर्यादा उघड होती. चित्रकाराला जे महत्त्वाचे वाटेल तेच कागदावर उतरे. दोन वर्षांच्या अंतराने काढलेल्या दोन चित्रांत फरक दिसला, तर तो रुग्णाच्या डोळ्यातील की चित्रकाराच्या हातातील, हे सांगता येत नसे.

२. छायाचित्राचा प्रवेश :

इंग्लंडमध्ये जॅकमन व वेब्स्टर यांनी १८८६ मध्ये जिवंत मानवी दृष्टिपटलाचे छायाचित्र प्रसिद्ध केले. त्यासाठी रुग्णाला सुमारे अडीच मिनिटे डोळा स्थिर ठेवावा लागला आणि चित्रात तपशील फारसा उमटला नाही. स्वीडनचे नॉर्डेन्सन व जर्मनीची झाइस कंपनी यांच्या प्रयत्नांतून १९२० च्या दशकात व्यवहारात वापरता येण्याजोगा कॅमेरा आला. १९५० च्या दशकातील इलेक्ट्रॉनिक फ्लॅशमुळे डोळा हलण्यापूर्वीच चित्र टिपता येऊ लागले.

यापुढचे पाऊल दोन वैद्यकीय विद्यार्थ्यांनी टाकले. अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात हॅरल्ड नोवॉटनी व डेव्हिड अॅल्विस यांनी हाताच्या शिरेत फ्लुओरेसिन हा रंगद्रव टोचून तो दृष्टिपटलाच्या वाहिन्यांतून जाताना त्याची छायाचित्रे घेतली. पहिला प्रयोग कोणावर करायचा हे नाणेफेकीने ठरले आणि ती वेळ अॅल्विस यांच्यावर आली. नेत्रविज्ञानाच्या एका प्रतिष्ठित नियतकालिकाने नाकारलेला हा निबंध १९६१ मध्ये 'सर्क्युलेशन' या रक्ताभिसरणविषयक नियतकालिकात छापला गेला. याच तंत्राच्या आधारे डोनाल्ड गॅस यांनी १९६७ मधील निबंधमालेत, दृष्टिपटलाखाली उगवणाऱ्या नाजूक रक्तवाहिन्यांतून होणारी गळती हे या विकारातील तीव्र दृष्टिनाशाचे कारण असल्याचे स्पष्ट केले. 'शुष्क' आणि 'आर्द्र' हे आज सर्वपरिचित असलेले दोन प्रकार या आकलनामुळे ठळक झाले. १९८२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या लेसर उपचाराच्या चाचणीत कोठे डागायचे, हे अशाच चित्रांवरून ठरविले जात असे. प्रतिमा आता केवळ नोंद राहिली नव्हती. ती उपचाराचा नकाशा झाली होती.

३. मोजमापाची शिस्त :

छायाचित्र यंत्राने घेतले तरी ते वाचणारा माणूसच होता. या अडचणीवरचा उपाय नव्या कॅमेऱ्याने नव्हे, तर नियमांनी दिला. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील बीव्हर डॅम येथे १९८८ ते १९९० या काळात ४,९२६ व्यक्तींची नेत्रतपासणी झाली. छायाचित्रांवर ठरावीक जाळी ठेवायची, ड्रुझेनचा आकार प्रमाणित वर्तुळांशी ताडून पाहायचा आणि लिखित नियमांनुसार श्रेणी द्यायची, ही विस्कॉन्सिन पद्धत १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. ६३ मायक्रोमीटरपेक्षा लहान कण आणि १२५ मायक्रोमीटरपेक्षा मोठे कण यांचा अर्थ वेगळा आहे, असे म्हणण्याला त्यामुळे आधार मिळाला.

याच शिस्तीचे फळ २००१ मध्ये दिसले. जीवनसत्त्वे व जस्त यांच्या एकत्रित सेवनाने, अधिक धोका असलेल्या व्यक्तींमध्ये विकार प्रगत अवस्थेला जाण्याची शक्यता सुमारे २५ टक्क्यांनी घटते, हा अमेरिकेतील दीर्घ अभ्यासाचा निष्कर्ष वर्षानुवर्षे एकाच पद्धतीने घेतलेल्या छायाचित्रांवर उभा होता. महाराष्ट्रातही २००६ ते २००८ दरम्यान नागपूरजवळच्या ग्रामीण भागात तीस वर्षे व त्यावरील वयाच्या ४,७११ व्यक्तींची पाहणी झाली आणि या विकाराचे प्रमाण छायाचित्रांच्या आधारे तपासले गेले. समान नियमांमुळेच नागपूर परिसरातील गावांचे निष्कर्ष परदेशातील निष्कर्षांशेजारी ठेवून वाचता येतात.

४. छेदप्रतिमा आणि सुईचा निर्णय :

छायाचित्र दृष्टिपटलाचा पृष्ठभाग दाखवते. त्याची जाडी दाखवत नाही. १९९१ मध्ये मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील जेम्स फुजिमोटो, डेव्हिड ह्वांग व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सायन्स' या नियतकालिकात ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफी म्हणजेच ओ.सी.टी. हे तंत्र मांडले. ऊतींच्या थरांवरून परतणाऱ्या प्रकाशाच्या आधारे त्यांचा उभा छेद, स्पर्श न करता, मायक्रोमीटरच्या मापात दाखविणारे हे साधन १९९६ मध्ये बाजारात आले.

त्याचे खरे महत्त्व २००५ नंतर कळले. रक्तवाहिन्यांची वाढ रोखणारी औषधे डोळ्यात टोचण्याचे उपचार सुरू झाले. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रॅनिबिझुमॅबच्या चाचणीत, दरमहा इंजेक्शन घेणाऱ्या सुमारे ९५ टक्के रुग्णांची दृष्टी वर्षभर जवळपास टिकली. औषध न मिळालेल्यांत हे प्रमाण सुमारे ६२ टक्के होते. परंतु दरमहा डोळ्यात सुई, हा भार वृद्ध रुग्ण आणि कुटुंब यांनी किती काळ वाहायचा? २००७ मधील ४० रुग्णांच्या एका अभ्यासात सुरुवातीच्या तीन इंजेक्शनांनंतरचा निर्णय मुख्यतः ओ.सी.टी.वर सोपविला गेला आणि वर्षाला सरासरी ५.६ इंजेक्शने पुरली. मात्र २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या तुलनात्मक चाचणीत दोन वर्षांअखेर 'गरजेनुसार' उपचार घेणाऱ्यांची दृष्टी दरमहा उपचार घेणाऱ्यांपेक्षा सरासरी २.४ अक्षरांनी मागे राहिली. प्रतिमेने सुया वाचविल्या. पण त्याची थोडी किंमतही मोजावी लागली.

५. प्रतिमा आणि दृष्टी यांतील अंतर :

शुष्क प्रकारच्या अंतिम अवस्थेत दृष्टिपटलाचे ठिपके मृत होऊन पसरत जातात. १९९५ पासून विकसित झालेल्या स्वयंप्रकाश-प्रतिमांत असे भाग काळे दिसतात व त्यांचे क्षेत्रफळ मोजता येते. २०२३ मध्ये अमेरिकेने या अवस्थेसाठी पेगसेटाकोप्लान व अॅव्हासिनकॅप्टॅड पेगोल ही दोन औषधे मंजूर केली. त्यांचा मुख्य पुरावा म्हणजे काळ्या क्षेत्राच्या वाढीचा मंदावलेला वेग. युरोपीय औषध संस्थेने मात्र २०२४ मध्ये पेगसेटाकोप्लानबाबत प्रतिकूल मत दिले. रुग्णाच्या दैनंदिन व्यवहारात जाणवेल असा लाभ सिद्ध झालेला नाही, हा तिचा मुख्य आक्षेप होता. प्रतिमा तीच, मोजमाप तेच. परंतु एका नियामकाला जे पुरेसे वाटले ते दुसऱ्याला वाटले नाही.

तुलनेचा जुना प्रश्नही नव्या रूपात परतला आहे. लंडनच्या मूरफील्ड्स नेत्ररुग्णालयाच्या सहभागाने विकसित झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संगणकीय प्रणालीने छेदप्रतिमा वाचण्यात तज्ज्ञांची बरोबरी केली. पण दुसऱ्या बनावटीच्या यंत्राच्या प्रतिमा दिल्यावर तिचे निर्णय जवळजवळ निम्म्या वेळा चुकले; नव्या यंत्राच्या प्रतिमांवर पुन्हा शिकविल्यावरच ती सुधारली. येगर यांच्या काळातील चित्रकाराच्या हाताची जागा येथे यंत्राच्या बनावटीने घेतली होती.

समारोप :

स्विस नेत्रतज्ज्ञ मार्क आम्सलर यांनी १९४० च्या दशकात रूढ केलेली चौकटींची साधी जाळी आजही रुग्णांच्या हाती दिली जाते. एक डोळा झाकून रुग्ण तिच्याकडे पाहतो आणि कोणती रेघ वाकडी दिसते ते सांगतो. या सर्व इतिहासात रुग्णाने स्वतः नोंदविलेली प्रतिमा ती हीच. हेल्महोल्ट्झपासून आजच्या संगणकापर्यंतच्या प्रवासाने वैद्याला रुग्णाच्या डोळ्यात पाहण्याची आणि कालच्या डोळ्याची आजच्या डोळ्याशी तुलना करण्याची क्षमता दिली. मात्र पडद्यावरचा बदल आणि माणसाच्या पाहण्यातला बदल या दोन स्वतंत्र नोंदी आहेत. त्या शेजारी ठेवून वाचल्या, तरच दृष्टिपटलाची प्रतिमा दृष्टीच्या उपयोगी पडेल.